डिकी रिकामी असल्याबाबत

माणसाने किती पुढचं पाहावं, हा प्रश्न पूर्वी ज्याच्या त्याच्यावर सोपवलेला असे, आणि त्यामुळे जगाचं बरंच नुकसान झालं. काही जण फार पुढचं पाहत आणि पायाजवळच्या खड्ड्यात पडत. काही जण फक्त पायाजवळचं पाहत आणि समोरून येणाऱ्यावर आदळत. मोटारी बनवणाऱ्या मंडळींनी या प्रश्नाचा साकल्याने विचार केला आणि शेवटी तो माणसाच्या हातून काढूनच घेतला. आता हे गाडी ठरवते. ओझ्याने गाडीचा मागचा भाग बसला की पुढचं नाक वर होतं आणि हेडलाइटचा झोत समोरच्याच्या डोळ्यांत जातो. म्हणून मागच्या चाकापाशी एक सेन्सर बसवलेला असतो. गाडी किती बसली आहे हे तो एका बोटभर दांडीवरून ओळखतो, पुढे कळवतो, आणि हेडलाइटमागची एक चिमुकली मोटर झोताची मान तेवढी खाली घालते. माणसाला यात काहीही करावं लागत नाही. (ओझं तेवढं त्याने स्वतः भरायचं असतं.)

या व्यवस्थेची एकच अट असते. 'सरळ' म्हणजे काय, हे गाडीला एकदा नीट सांगावं लागतं. त्या वेळी आपण जे सांगू ते ती प्रमाण मानते आणि पुढे कधीही शंका काढत नाही. इतका विश्वास हल्ली घरच्या माणसांकडूनही मिळत नाही, हे आधुनिक मोटारीच्या बाजूने सांगितलंच पाहिजे.

ज्या गृहस्थांच्या गाडीची ही हकीकत आहे, त्यांना कार्यालयात सगळे अधीक्षक म्हणत आणि त्यामुळे शेजारीही म्हणत. (बायको 'अहो' म्हणे, पण तिच्या 'अहो'तही हुद्दा ऐकू येई.) ते भांडार शाखेचे अधीक्षक होते. खुर्ची कुठून आली, पंखा कुठे गेला, कपाट कुणाच्या ताब्यात आहे, हे पाहणं त्यांचं काम. आणि पोच घेतल्याशिवाय कुठलीही वस्तू हातातून सोडायची नाही हे त्यांचं तत्त्व. या तत्त्वामुळे त्यांच्या कारकिर्दीत कार्यालयातली एकही खुर्ची हरवली नव्हती. मोडल्या पुष्कळ, पण मोडलेली खुर्ची ही हजर खुर्ची असते.

त्यांची आई गेली तेव्हा तिच्या वस्तूंची वाटणी अगदी गुण्यागोविंदाने झाली. भांडावं असं काही नव्हतंच. शिवणाचं मशीन धाकट्या बहिणीला द्यायचं, हे आई स्वतःच सांगून गेली होती. ओतीव लोखंडाच्या पायट्याचं, पायाने चालवायचं जुनं मशीन. दोघा भावंडांचे शाळेचे कपडे आईने त्याच्यावर शिवले होते, आणि दादाचे आखूड झालेले धाकटीच्या मापाचे करून दिले होते. अधीक्षकांनी मशीन स्वतःच्या हाताने पुसलं, सांध्यांना तेल दिलं, आणि मग केवळ सवयीने म्हणाले, "एक पोच तेवढी देऊन ठेव."

धाकटीला आधी वाटलं, दादा गंमत करतोय. मग तिने त्यांच्या हातातला कागद पाहिला.

"आईच्या मशीनची पोच?"

"अगं, पद्धत असते."

"मग राहू दे तुझ्याकडेच. पद्धतशीर."

एवढं बोलून ती समोरचा चहा तसाच ठेवून निघून गेली. अधीक्षकांना वाईट वाटलं. फार वाटलं. त्यांनी त्याच आठवड्यात मशीन सुटं केलं, पायटा आडवा घातला, वर डोकं ठेवलं, शेजारी आईची कोळशाची जड इस्त्री बसवली आणि डिकी लावून घेतली. येत्या रविवारी नेऊन द्यायचं, असं ठरलं. मग त्यांना वाटलं, आधी तिचा फोन येऊ दे. तिकडे तिला वाटत होतं, आधी दादा येऊ दे. असे बरेच रविवार आले आणि गेले. मशीन डिकीत राहिलं, गाडी मागून बसलेली राहिली, आणि बाजारातून येताना भाजीची पिशवी बायको मांडीवर घेऊन बसायला लागली.

इथे एक तांत्रिक बाब स्पष्ट करायला हवी. मशीन गाडीच्या डिकीत असलं, तरी भांडाराच्या शास्त्रानुसार ते डिकीत आहे असं म्हणता येत नव्हतं. एका ठिकाणाहून निघालेली पण दुसऱ्या ठिकाणी न पोचलेली वस्तू ही 'मार्गस्थ' असते. मार्गस्थ वस्तू कुणाच्याच साठ्यात धरत नाहीत. अधीक्षकांच्या कार्यालयातली काही टेबलं अशी कित्येक वर्षं मार्गस्थ होती आणि त्यांच्यावर बसून लोक डबा खात. त्यामुळे डिकीत काय आहे, या प्रश्नाचं अधीक्षकांच्या मनातलं उत्तर 'काही नाही' असंच होतं. त्यात लबाडी नव्हती. नुसता अनुभव होता.

एका सोमवारी संध्याकाळी बायकोने बातमी दिली. "तुमच्या बहिणीच्या यजमानांची बदली झाली. शनिवारी ट्रक भरतायत. पार दुसऱ्या टोकाला जायचंय त्यांना, आता वर्षा-दोन वर्षांत भेट झाली तर झाली."

"तुला कुणी सांगितलं?"

"तिनेच. आम्ही बोलतो की. भांडण तुमचं आहे."

शनिवारच्या आत मशीन पोचलं नाही तर ते कायमचं मार्गस्थ राहणार, आणि भांडणही. हे अधीक्षकांना स्पष्ट दिसत होतं. त्याचबरोबर तिच्या दारात उभं राहून पहिलं वाक्य काय बोलायचं, हे अजिबात दिसत नव्हतं. अशा वेळी माणूस एखादी अडचण येण्याची वाट पाहतो. ती दुसऱ्याच दिवशी आली. कार्यालयाच्या फाटकातला गतिरोधक (हा अधीक्षकांच्याच पाठपुराव्याने झाला होता) ओलांडताना गाडीच्या पोटाखाली खट्ट झालं, डॅशबोर्डवर पिवळी खूण उमटली आणि हेडलाइटांनी मान टाकली. झोत बंपरपुढच्या चार पावलांवर पडून राहिला.

अधीक्षकांना इतकं हलकं बऱ्याच दिवसांत वाटलं नव्हतं.

"लाइट दुरुस्त झाल्याशिवाय डोंगरातून जायचं कसं?" ते घरी येऊन म्हणाले. धाकटीचं घर डोंगरापलीकडे होतं आणि कार्यालय सुटेपर्यंत दिवस मावळत असे.

"मग दिवसा जा. रजा टाका."

"इतक्या ऐनवेळचा रजेचा अर्ज मी कुणाचाच मंजूर करत नाही."

"तुमचा कोण मंजूर करतं?"

"मीच शिफारस करतो. म्हणून तर अडचण आहे."

बायको कपडे वाळत घालायला गेली आणि चिमटे जरा जोरात लावू लागली.

सर्व्हिस सेंटर ही संस्था या देशाच्या, किंबहुना कुठल्याही देशाच्या, सभ्यतेची उंची मोजण्याचं चांगलं साधन आहे. तिथे थंड हवा असते, पाणी विचारतात, आणि काम सोडून प्रत्येक गोष्ट लगेच होते. त्याच संध्याकाळी तिथे पाय ठेवताच अधीक्षकांना घरी आल्यासारखं वाटलं. त्यांची गाडी ज्या अ‍ॅडव्हायझरच्या वाट्याला आली तो अत्यंत नम्र होता. त्याने पिवळी खूण पाहिली, गाडीला यंत्र जोडलं, यंत्राने बराच वेळ विचार करून 'हेडलाइट पातळी यंत्रणेत बिघाड' असं सांगितलं, आणि अ‍ॅडव्हायझर अधीक्षकांना म्हणाला, "सर, हेडलाइट पातळी यंत्रणेत बिघाड आहे."

"ते मला माहीत आहे."

"हो सर. पण आता ते आम्हालाही माहीत आहे."

या उत्तरातला व्यवस्थितपणा अधीक्षकांना मनापासून आवडला. मंगळवार असा गेला. बुधवारी गाडी वर उचलली गेली आणि सेन्सरची बोटभर दांडी वाकलेली आढळली. मागून बसलेली गाडी गतिरोधकावर घासली की असं होतं. ती मागून का बसलेली आहे, हा प्रश्न दांडी बदलणाऱ्याच्या कामात मोडत नव्हता, आणि त्याने तो विचारून कुणाच्या अधिकारात ढवळाढवळ केली नाही. दांडी बदलली. राहिलं होतं ते गाडीला 'सरळ' म्हणजे काय हे नव्याने सांगायचं काम.

या कामासाठी कंपनीने काही अटी घालून दिलेल्या आहेत. जमीन सपाट हवी. टायरमध्ये हवा नेमकी हवी, टाकी भरलेली हवी, डिकी रिकामी हवी आणि चालकाच्या जागी पंचाहत्तर किलोचा माणूस बसलेला हवा. वाचायला सोप्या वाटतात. पण सर्व्हिस सेंटरची सगळी जमीन, धुण्याचं पाणी वाहून जावं म्हणून, मुद्दाम उतरती केलेली होती. सपाट जागा सबंध इमारतीत एकच: नव्या गाड्या ग्राहकांच्या हाती देतात तो दर्शनी भाग, जिथे वर मोठी लाल रिबन लावलेली असते आणि खाली फुलांच्या कुंड्या. नव्या गाड्यांचे मालक तिथून हटले की मगच जुन्या गाडीला सरळपणा शिकवता येई. त्या आठवड्यात गाड्यांना बरीच मागणी होती.

पंचाहत्तर किलोच्या माणसाचंही घोडं अडलं होतं. या कामावर सेंटरने आपल्या लेखापालांची नेमणूक केली होती. भरतीच्या वेळी ते बरोबर पंचाहत्तर किलोचे होते आणि त्यांची निवड होण्यात त्यांच्या पदव्यांइतकाच याचाही वाटा होता, असं म्हणतात. पुढे त्यांच्या बायकोने त्यांना डाएटवर घातलं. लेखापाल बारीक व्हायला लागले आणि सेंटरमध्ये काळजीचं वातावरण पसरलं. आता ते गाडीत बसण्याआधी भरपेट जेवत, खिशात किल्ल्यांचा जुडगा टाकत आणि मांडीवर कंपनीची जाड मार्गदर्शिका घेत. (तरीही थोडे कमीच भरत. पण त्यांनी या कामात कधी कुचराई केली, असं कुणी म्हणणार नाही.)

गुरुवारी दुपारी रिबनखालची जागा मोकळी झाली. अधीक्षक जेवणाच्या सुट्टीत येऊन पोचले आणि त्यांची गाडी तिथे आणली. लेखापाल हात धुऊन, ढेकर दाबत आत बसले. अ‍ॅडव्हायझर एकेक अट वाचू लागला.

"डिकी रिकामी आहे ना सर?"

अधीक्षकांनी क्षणभर डिकीकडे पाहिलं. तिथे आई होती, धाकटी होती, न दिलेली पोच होती. हे सगळं उघडून या चकचकीत फरशीवर, लाल रिबनखाली, अनोळखी माणसांसमोर मांडायचं त्यांच्या जिवावर आलं. शिवाय ते मार्गस्थ होतं.

"हो," ते म्हणाले. "काही नाही."

अ‍ॅडव्हायझरने खूण केली. डिकी उघडून पाहायला काय जात होतं, असं कुणी विचारील. पुष्कळ जात होतं. ग्राहकाची डिकी उघडायला ग्राहकाची संमती लागते. संमती मागणं म्हणजे त्याच्या शब्दावर शंका घेणं. आणि ग्राहकाच्या शब्दावर शंका घ्यायची नाही, हे तर भिंतीवर मोठ्या अक्षरांत लिहिलेलं होतं. सबब डिकी रिकामी होती. यंत्र जोडलं, बटण दाबलं, आणि आईचं मशीन, ओतीव पायटा व कोळशाची इस्त्री यांच्यासह मागून बसलेल्या त्या गाडीला सांगण्यात आलं की बाई, तू आत्ता आहेस ना, हेच सरळ.

गाडीने विश्वास ठेवला. पिवळी खूण विझली. रिबनखाली गाडी उभी पाहून स्वागताच्या टेबलामागच्या मुलींनी सवयीने टाळ्या वाजवल्या, आणि फोटोवाल्याने अधीक्षकांच्या हातात पुठ्ठ्याची मोठी किल्ली देऊन फोटोही काढून टाकला. त्या फोटोत अधीक्षकांचा चेहरा पडलेला दिसतो. त्यांची सबब संपली होती.

शुक्रवारी ते कार्यालयातून आले तेव्हा बायको पर्स घेऊन जिन्यातच उभी होती.

"झाले ना लाइट? चला."

"चहा तरी..."

"चहा तिच्याकडे घेऊ. मागच्या वेळी तिने ठेवला होता, तो आज तुम्ही घ्या."

जाताना दिव्यांनी तक्रारीला जागा ठेवली नाही. झोत कसा लांब, शिस्तीत, समोरच्याच्या डोळ्यांना धक्का न लावता रस्त्यावर पडलेला. अधीक्षकांनी वळणावळणाला त्याचं कौतुक केलं. बायको म्हणाली, "दिव्यांचं पुरे. काय बोलायचं ते ठरलं का?" त्यावर अधीक्षकांनी गिअर बदलला.

धाकटीच्या घराचे पडदे उतरवलेले होते आणि भिंतींना चिकटून खोकी लागली होती. तिच्या हातात चिकटपट्टीचं भेंडोळं होतं. तिने दार उघडलं, "या वहिनी," म्हणाली, आणि दादाकडे पाहिलंच नाही. दादा वहिनींच्या मागे मशीनचं डोकं दोन्ही हातांत घेऊन उभा होता. पहिलं वाक्य त्याला अजूनही सुचलेलं नव्हतं. पण एवढं लोखंड पोटाशी धरून कुणालाच फार वेळ रुसवेफुगवे सांभाळता येत नाहीत, धरणाऱ्यालाही नाही आणि पाहणाऱ्यालाही नाही.

"ठेव आधी खाली ते," धाकटी म्हणाली. "कंबर धरेल तुझी."

त्याने ठेवलं. मग पायटा आणला, इस्त्री आणली. तिने पायटा उभा केला, डोकं वर बसवलं, पट्टा चढवला. चिंधीवर एक शिवण घालून पाहिली. मशीन तेच ओळखीचं बोललं.

"इतके महिने कुठे होतं हे?"

"मार्गस्थ होतं."

"कुठल्या मार्गाने आणलंस?"

अधीक्षक खाली पाहत म्हणाले, "चुकलं माझं. तुझ्याकडे कागद मागायला नको होता. तोंडातून निघून गेलं, आणि मग ते परत कसं घ्यायचं ते कळेना."

धाकटीने चिंधीचा दोरा दाताने तोडला. "ट्रकवाल्याला मी सांगून ठेवलं होतं," ती म्हणाली, "मागच्या कोपऱ्यात मशीनपुरती जागा सोड म्हणून. तो विचारत होता, मशीन कुठाय. मी म्हटलं, येतंय."

यावर दोघांचेही डोळे भरून आले. धाकटीने ते पदराने पुसले. अधीक्षकांनी ते घामाच्या खात्यात खर्ची टाकले. त्यानंतर चहा झाला, आईच्या मापं घेण्याच्या गोष्टी निघाल्या, दादाची आखूड झालेली चड्डी धाकटीला कशी घातली होती ती निघाली, आणि निघताना तिने मुद्दाम गंभीर चेहऱ्याने विचारलं, "पोच देऊ का रे?"

"नको," अधीक्षक म्हणाले. भांडार शाखेच्या इतिहासात याची तोड सापडणार नाही.

परत येताना डोंगर उतरू लागले आणि समोरून आलेल्या पहिल्याच गाडीने डिपर मारला. अधीक्षकांनी हात वर करून नमस्कार केला. दुसऱ्या गाडीने मारला, तिसरीने मारला. एका ट्रकवाल्याने तर हॉर्नही वाजवला. अधीक्षक प्रत्येकाला हसून हात करत होते.

"आज लोक किती आपुलकीने वागतायत," ते म्हणाले.

"अहो, ते शिव्या देतायत. आपला लाइट कुठे पडलाय बघा."

पाहिलं तर झोत रस्त्यावर नव्हताच. तो समोरच्या झाडांच्या शेंड्यांवर पडला होता आणि तिथली पाखरं दिवस उजाडल्याच्या समजुतीने गोंधळ घालत होती. कारण उघड होतं. ओझ्यासकट बसलेली गाडी म्हणजे सरळ, असं तिला शिकवलेलं. ओझं गेलं, मागची बाजू वर आली, आणि बिचारीची समजूत झाली की आपण तोंडावर पडतोय; म्हणून तिने इमानाने नजर वर उचलली. खाली रस्ता दिसत नव्हता. अधीक्षक इतके खुशीत होते की अर्धा डोंगर त्यांना हे खटकलंही नाही.

शनिवारी ते पुन्हा सर्व्हिस सेंटरमध्ये गेले. अ‍ॅडव्हायझरने गाडी तपासली, जुनी नोंद काढली आणि बराच वेळ दोन्हींकडे आळीपाळीने पाहिलं.

"सर, यंत्रणा उत्तम आहे. दोष डिकीत आहे."

"म्हणजे?"

"गुरुवारी डिकी रिकामी असताना दिवे बरोबर होते. आज दिवे वर जातायत. याचा अर्थ आज आपली डिकी रिकामीपेक्षा जास्त रिकामी आहे."

हे त्याने अजिबात न हसता सांगितलं, आणि खरं तर त्यात हसण्यासारखं काही नव्हतं. सेंटरच्या अनुभवानुसार दिव्यांची जुळणी करून गेलेल्या दर दहा गाड्यांतल्या तीन-चार काही दिवसांनी अशा जास्त रिकाम्या होऊन परत येत. एका गृहस्थांची गाडी व्यायामाची वजनं विकून टाकल्यावर जास्त रिकामी झाली होती. एका वकिलांची, वडिलांची पुस्तकं अखेर वाचनालयाला दिल्यावर. एका बाईंची, नवऱ्याची बॅग त्याच्या नव्या पत्त्यावर पोचती केल्यावर. या सगळ्यांनी डिकी रिकामी असल्याचं आधी निःशंकपणे सांगितलेलं होतं. त्यांच्यासाठी सेंटरने मागच्या खोलीत वाळूची पोती भरून ठेवली होती. पोतं डिकीत टाकलं की गाडी पुन्हा पहिल्याइतकी रिकामी होई आणि दिवे सरळ येत. पोत्यावर कंपनीचं चिन्ह छापलेलं असे, त्यामुळे ते ओझं वाटत नसे.

"आपल्याला मध्यम पोतं पुरेल," अ‍ॅडव्हायझर म्हणाला. "आणू?"

दुसरा मार्ग अधीक्षकांना माहीत होता, आणि तो कुणीच घेत नाही हेही दिसत होतं. पोतं सोयीचं होतं. कुणाला काही सांगावं लागणार नव्हतं.

"नको," ते म्हणाले. "गुरुवारी डिकी रिकामी नव्हती. आईचं शिवणाचं मशीन होतं. बहिणीला द्यायचं होतं, दिलं नव्हतं. काल दिलं."

अ‍ॅडव्हायझरचं बोट हवेतच थांबलं. जेवायला निघालेले लेखापाल थांबले. ग्राहकाने आपण होऊन असं सांगण्याची सेंटरमधली ही पहिलीच वेळ होती आणि त्यासाठी कुठलीच पद्धत ठरलेली नव्हती. गुरुवारची नोंद खोटी ठरवावी, तर ग्राहकाच्या शब्दावर शंका घेतल्यासारखं होत होतं. खरी ठरवावी, तर ग्राहकाच्या आजच्या शब्दावर. अ‍ॅडव्हायझर वरिष्ठांकडे जाऊन आला आणि त्याने शक्य तेवढ्या नम्रपणे विचारलं, "सर, ते मशीन बहिणीला दिल्याची काही पोच वगैरे?"

"घेतली नाही," अधीक्षक म्हणाले. त्यांची मान ताठ होती.

मग नाइलाजाने डिकी उघडण्यात आली. आत एक सुटी बॉबिन आणि निळ्या दोऱ्याचा गुंता तेवढा होता. लेखापाल जेवून आले, खिशात किल्ल्या भरून चालकाच्या जागी बसले, आणि रिबनखाली त्या गाडीला दुसऱ्यांदा सांगण्यात आलं की बाई, मागचं विसर, सरळ म्हणजे हे. तिने तेही निमूटपणे मानलं. मुलींनी टाळ्या वाजवल्या. त्याच सुमाराला डोंगरापलीकडे एक ट्रक भरून निघाला होता आणि त्याच्या मागच्या कोपऱ्यातली जागा रिकामी राहिलेली नव्हती.

या प्रकारानंतर सर्व्हिस सेंटरने एक प्रशंसनीय पाऊल उचललं. जुळणी करून गेलेल्या झाडून सगळ्या ग्राहकांना त्यांनी विचारणा केली, की त्या वेळी आपली डिकी खरोखरच रिकामी होती का. सगळ्यांची उत्तरं आली. शंभर टक्के ग्राहकांची डिकी रिकामीच होती. सेंटरने समाधान व्यक्त केलं आणि वाळूच्या पोत्यांची नवी मागणी नोंदवली.

तेव्हा संध्याकाळी समोरून एखादी गाडी डोळे दिपवत आली, तर लगेच शिवी हासडू नका. त्या माणसाने नुकतंच कुणाचं तरी काहीतरी नेऊन दिलेलं असेल आणि त्याच्या गाडीला ते अजून कळलेलं नसेल. तुम्ही म्हणाल, आमचं तसं नाही; आमच्या गाडीला आजवर कुणी एक डिपर मारलेला नाही, आमचे दिवे अगदी सरळ आहेत. असतील ना. म्हणून तर विचारतोय, डिकीत कुणाचं काय ठेवलंय?